पाठीचा कणा आणि आपली रोजची कामे

पाठ दुखते म्हणून कोणी दगावत नाही. त्यामुळे आपल्या वस्तीत पाठदुखीला आजार मानण्याची पद्धतच नाही. 'कंबर धरली', 'उसण भरली', 'चमक निघते' असे म्हणत माणसे कामावर जातात आणि बायका नळावर जातात. परंतु ज्या घरात महिन्याचा पगार नाही, रोजची हजेरी आहे, त्या घरातील कर्त्या माणसाची पाठ गेली म्हणजे काय होते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेत या विषयावर लिहावे असे आम्ही ठरविले.

हा मजकूर आम्ही तिघांनी मिळून लिहिला आहे. आमच्यापैकी एक निवृत्त परिचारिका आहेत, एक जण गोदामात मुकादम होते आणि एक विद्यार्थिनी फिजिओथेरपीचे शिक्षण घेत आहे. आम्ही मोठे तज्ज्ञ नव्हे. पण पाठ धरून बसलेली माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत.

आमच्या चाळीत एक गृहस्थ होते. सारे त्यांना दादा म्हणत. १९८२ च्या संपानंतर गिरणीचे काम गेले आणि दादा गोदामात गोणी वाहू लागले. गिरणीत साच्यावर उभे राहण्याची सवय असलेला माणूस वयाच्या चाळिशीत पाठीवर गोणी घेऊ लागला. चार वर्षांनी एका सकाळी गोणी उचलताना कंबरेत कळ आली आणि ती डाव्या पायाच्या पोटरीपर्यंत उतरली. डॉक्टरांनी लाकडी फळीवर तीन महिने सक्तीने पडून राहण्यास सांगितले. दादा शिस्तीचे माणूस. तीन महिने ते खरोखरच पडून राहिले. उठले तेव्हा पाय लटपटत होते, मांड्या वाळल्या होत्या आणि मनात अशी भीती बसली होती की, पाण्याचा तांब्या उचलतानाही ते भिंत धरीत. पुन्हा ते कामावर गेले नाहीत. वहिनींनी चार घरची भांडी धरली. आठवीत शिकणारी मोठी मुलगी धाकट्या भावंडांसाठी शाळेतून काढली. ती हुशार होती, हे आम्ही तिची स्तुती म्हणून लिहीत नाही. तिच्या गुणपत्रिका आम्ही पाहिल्या होत्या.

त्या काळी सर्वत्र असाच सल्ला दिला जात असे, तेव्हा त्या डॉक्टरांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु योगायोग असा की, दादा फळीवर पडून होते त्याच वर्षी, म्हणजे १९८६ साली, अमेरिकेत पाठदुखीच्या रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही रुग्णांना दोन दिवस व काहींना सात दिवस पडून राहण्यास सांगितले होते. बरे होण्यात दोहोंमध्ये फरक पडला नाही. उलट दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले. पुढे १९९५ साली फिनलंडमध्ये याहून पुढची गोष्ट दिसून आली. हेलसिंकी शहराच्या नोकरवर्गातील ज्यांची कंबर नुकतीच धरली होती अशा लोकांचे तीन गट केले. एक गट पडून राहिला, एकाने व्यायाम केले आणि तिसऱ्याने सोसवेल तेवढी रोजची कामे चालू ठेवली. तिसरा गट सर्वांत लवकर बरा झाला. हे ज्ञान आपल्या गल्लीत यायला फार वर्षे लागली, आणि काही घरांत ते अजूनही आलेले नाही.

कणा म्हणजे काय

मानेपासून माकडहाडापर्यंत एकूण ३३ मणके असतात. मानेत ७, छातीच्या मागे १२, कंबरेत ५ आणि त्याखाली एकमेकांत मिसळून गेलेले ९. वरच्या मण्यांच्या मधे मऊ चकत्या असतात. आपण त्यांना 'गादी' म्हणतो. अशा २३ गाद्या आहेत. गादीच्या आतला भाग पाणीदार व बाहेरचा भाग चिवट धाग्यांचा असतो. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिला लागणारे अन्न आजूबाजूच्या हाडातून झिरपत येते, आणि हे झिरपणे हालचालीमुळे सुधारते. म्हणून दिवसभर एकाच स्थितीत बसणे गादीला मानवत नाही.

आणखी एक गंमत. दिवसभर उभे राहून, बसून, ओझे वाहून गाद्यांतील थोडे पाणी बाहेर पडते आणि रात्री झोपेत ते पुन्हा आत येते. त्यामुळे सकाळी आपली उंची संध्याकाळच्या मानाने सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने जास्त भरते. दारावर पेन्सिलीची खूण करून मुलांनी हे घरीच करून पाहावे. या गमतीत आपल्या माताभगिनींच्या दृष्टीने मोठी गोम आहे, ती पुढे सांगतो.

पहाटेचा नळ

आमच्या वस्तीत नळ पहाटे पाचला येतो. बाई झोपेतून उठते, डोळे चोळत नळावर जाते आणि पहिलेच काम म्हणजे जमिनीवर ठेवलेला भरला हंडा वाकून उचलते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. मोठा हंडा १५ ते २० लिटरचा, वर धातूचे वजन वेगळे. असे आठ-दहा हंडे. म्हणजे चहा होण्यापूर्वीच दीडशे-दोनशे किलो.

आता वर सांगितलेली गोम. रात्रभर पाणी शोषून गाद्या पहाटे टम्म फुगलेल्या असतात. अशा वेळी कंबरेतून वाकले तर गादीवर व तिच्या मागच्या बाजूच्या बंधांवर संध्याकाळच्या मानाने बराच अधिक ताण येतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना एवढेच शिकविले होते की, उठल्यानंतर सुरुवातीचे काही तास वाकणे टाळा. औषध नाही, शेक नाही. तेवढ्यानेही त्यांचे दुखणे कमी झाले.

आता नळ पाचला येतो आणि सहाला जातो, तर 'काही तास वाकू नका' हा सल्ला ऐकून बायका आम्हाला हसतील, आणि हसल्याही. तेव्हा जे जमते ते सांगतो. नळ येण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे आधी उठावे आणि घरात, गल्लीत उभ्याने हिंडावे. चूल पेटवावी, दात घासावे, पण खाली बसून नव्हे. उभे राहताच गाद्यांतील वाढीव पाणी उतरू लागते आणि त्यातला बराच भाग पहिल्या तासाभरातच उतरतो. दुसरे, हंडा जमिनीवर ठेवूच नये. नळाखाली गुडघ्याएवढा ओटा असेल तर भरला हंडा उचलताना वाकावे लागत नाही. आमच्या गल्लीत आम्ही प्रथम एक लाकडी खोके ठेवले होते. ते आठवड्याच्या आत चोरीला गेले. मग चार घरांनी वर्गणी काढून विटांचा ओटा बांधला, तो अजून आहे. तिसरे, शक्य तेथे नळाला रबरी नळी जोडून पिंपच भरावे, म्हणजे हंडा उचलण्याची वेळच येत नाही. आणि चौथे, पाणी भरणे हे बाईचेच काम आहे असे कोठेही लिहिलेले नाही. घरात तरणी मुले अंथरुणात आणि पन्नाशीची आई नळावर, हे दृश्य समाजाच्या हॉलमध्ये समतेवर भाषणे करणाऱ्यांच्या घरीही आम्ही पाहिले आहे.

एक भरलेली बादली एका हातात नेण्यापेक्षा दोन अर्ध्या बादल्या दोन हातांत न्याव्यात. एका बाजूच्या ओझ्याने कणा त्या बाजूला ओढला जातो आणि त्याला सरळ ठेवण्यासाठी दुसऱ्या बाजूच्या स्नायूंना दुप्पट राबावे लागते. कमरेवर घागर घेण्याचेही तेच. डोक्यावर चुंबळ ठेवून हंडा नेला तर तो कण्याच्या रेषेत राहतो, कंबरेला ते बरे. पण मान दुखणाऱ्या बाईने ते टाळावे. लांबून पाणी आणायचे असेल तर सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून आणण्याइतका चांगला उपाय आम्हाला दुसरा माहीत नाही.

ओझे आणि तराजू

ओझे उचलताना कंबरेत काय घडते हे समजण्यासाठी तराजू डोळ्यांपुढे आणावा. मणका हा मधला काटा. पुढच्या पारड्यात हातातले ओझे, मागच्या पारड्यात पाठीचे स्नायू. पण दोन्ही दांड्या सारख्या नाहीत. पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात आणि हात पुढे करून धरलेले ओझे पन्नास सेंटिमीटरवर. म्हणजे पुढे २० किलो धरले तर मागे स्नायूंना सुमारे २०० किलोचा जोर लावावा लागतो आणि हा सारा दाब मधल्या गादीवर येतो. तेच ओझे पोटाशी, पंचवीस सेंटिमीटरवर आणले की जोर निम्मा होतो. 'ओझे अंगाशी धरा' असे जे सांगतात त्याचे कारण एवढेच आहे.

त्याचबरोबर कंबरेतून पीळ देऊन ओझे बाजूला ठेवू नये; पाय हलवून अख्खे शरीर वळवावे. उचलण्यापूर्वी ओझे एकदा हलवून पाहावे, म्हणजे ते किती आहे याचा अंदाज येतो. रिकामे समजून उचललेले भरले पिंप हे कंबर धरण्याचे नेहमीचे कारण आहे. दोघांनी मिळून उचलायचे तर एकानेच 'हं' म्हणावे.

परंतु येथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा, असे प्रशिक्षण कामगारांना देऊन त्यांची पाठदुखी टळते का, याची जगभर पुष्कळ तपासणी झाली आणि उत्तर निराशाजनक आले. नुसत्या शिकवणीने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो ओझे कमी केल्याने, खेपा कमी केल्याने, हातगाडी, ढकलगाडी, उतरता फळा असली साधने दिल्याने. कंबरेला बांधायच्या पट्ट्याचेही तसेच. २००० साली अमेरिकेत दुकानांत माल हाताळणाऱ्या हजारो कामगारांवर केलेल्या अभ्यासात पट्टा बांधणारे आणि न बांधणारे यांच्या पाठदुखीत फरक आढळला नाही. मालकाने पट्टा दिला म्हणजे त्याची जबाबदारी संपली असे समजण्याचे कारण नाही.

किती ओझे हे जास्त? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली की, प्रौढ पुरुषाला एका वेळी ५५ किलोहून अधिक ओझे हातांनी वाहावयास लावू नये, स्त्रियांच्या बाबतीत मर्यादा पुष्कळच कमी असावी. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यातही इजा होईल इतके वजन कामगाराला उचलायला लावू नये अशी तरतूद होती. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला आणि माथ्यावर ओझे वाहणाऱ्यांना प्रथमच कायद्याची ओळख मिळाली. आमचे मुकादम मित्र सांगतात की, त्यांच्या उमेदीच्या काळात शंभर किलोची गोणी ही रोजची गोष्ट होती, आणि 'ती उचलतो तोच गडी' अशी शेखी मिरविली जाई. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. म्हणजे ती मर्यादेच्या आत आहे खरी, पण मर्यादेच्या काठावर आहे. आणि दिवसातून किती वेळा, किती जिने चढून, हे गोणीवर छापलेले नसते. तेव्हा 'मुकादम, दुसरा गडी द्या' असे म्हणण्यात कमीपणा नाही. आमचेच मुकादम हे लिहायला सांगत आहेत.

केर, विळी आणि खराटा

घरातील झाडू इतका आखूड असतो की, केर काढणारीने कमरेत पूर्ण वाकावेच लागते. लांब दांड्याचा झाडू थोडा महाग पडतो, किंवा जुन्या झाडूला बांबूची काठी बांधली तरी चालते. फरशी पुसण्याचेही तसेच. ज्यांना उकिडवे बसणे सोपे जाते त्यांनी वाकून पुसण्यापेक्षा उकिडवे बसून सरकत पुसावे, पण गुडघे दुखत असतील तर दांड्याचा पोछा बरा. आपले अनेक बांधव व भगिनी सफाई खात्यात आहेत; त्यांनी आखूड खराटा मिळाला तर तो बदलून मागावा.

विळीवर बसून भाजी चिरणे वाईट नाही, एकाच बैठकीत दोन तास चिरणे वाईट आहे. धुणे दगडावर वाकून आपटण्याऐवजी दगड कंबरेइतका उंच असावा. ओट्यावर उभ्याने स्वयंपाक करताना एक पाय आलटून पालटून वीटेवर किंवा पाटावर ठेवावा; कंबरेला विसावा मिळतो. तान्ह्या बाळाला पाजताना आईने बाळाकडे वाकू नये, मांडीवर उशी घेऊन बाळाला वर आणावे. 'बाळंतपणात मणक्यात इंजेक्शन दिले तेव्हापासून माझी पाठ गेली' असे आपल्याकडे अनेक भगिनी सांगतात. इंजेक्शनच्या जागी काही दिवस दुखू शकते. पण वर्षानुवर्षांची पाठदुखी त्यामुळे होते असे तपासणीत आढळलेले नाही. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू सैल झालेले असतात आणि त्याच वेळी दिवसातून पन्नास वेळा बाळ उचलावे लागते, हे खरे कारण.

विद्यार्थ्यांसाठी

विद्यार्थी मित्रहो, १४ एप्रिलच्या निमित्ताने ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांच्या अभ्यासाला केलेले ते अभिवादन आहे आणि त्याबद्दल आम्हाला अभिमान आहे. परंतु गेल्या वेळी आमच्या विद्यार्थिनीने अभ्यासिकेत मुले पाहिली ती अशी: मांडी घातलेली, पुस्तक जमिनीवर, मान खाली आणि पाठ धनुष्यासारखी. सहाव्या तासाला निम्मी मुले भिंतीला टेकली आणि दहाव्या तासाला आडवी झाली. हा अभ्यासाचा कंटाळा नव्हता, पाठ बोलत होती.

'ताठ बस' असे आपण लहानपणापासून ऐकतो. बसण्याची एकच अशी आदर्श पद्धत नाही, असे आता जाणकार मानू लागले आहेत. १९६० च्या दशकात स्वीडनच्या नाखेमसन यांनी जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून दाब मोजला आणि उभे राहण्यापेक्षा बसण्यात, आणि त्याहून पुढे वाकून बसण्यात दाब जास्त असतो असे दाखविले. १९९९ साली जर्मनीत पुन्हा मोजले तेव्हा सैलसर, मागे टेकून बसण्यात दाब उभे राहण्याहून कमी भरला. पुढे वाकण्यात तो वाढतो हे मात्र दोघांनाही आढळले. तेव्हा ताठपणाचा बाऊ करू नये. पुढे वाकून, एकाच स्थितीत तासन् तास बसणे टाळावे. अर्ध्या तासाने उठावे, दोन मिनिटे फिरावे, खिडकीशी उभे राहून पाठ करावे. पाठांतर चालताना चांगले होते असा आमचा स्वतःचा अनुभव आहे. जमिनीवर बसणाऱ्यांनी पुस्तक चौरंगावर किंवा उतरत्या डेस्कवर ठेवावे आणि नितंबांखाली घडी केलेली चादर घ्यावी, म्हणजे कंबरेचा नैसर्गिक बाक टिकतो. मोबाइलवर वाचणाऱ्यांनी डोळे मोबाइलकडे न नेता मोबाइल डोळ्यांकडे आणावा.

दप्तराविषयी केंद्र सरकारने २०२० साली जे धोरण जाहीर केले त्यात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे असे म्हटले आहे. मूल ३० किलोचे असेल तर दप्तर ३ किलोचे. भाजीवाल्याच्या काट्यावर एकदा दप्तर ठेवून पाहावे. दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर, जड पुस्तके पाठीकडच्या बाजूला, आणि बाटली शाळेत भरून घेता येत असेल तर रिकामी न्यावी.

कंबर धरलीच तर

उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणसाला शोधतात आणि त्याचा पाय पाठीला लावून घेतात. आमच्यापैकी एकाच्या पाठीलाही लहानपणी तो लागला आहे, आणि त्याची उसण गेलीही! पण अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआपच बरीच सुटते. जो उपाय त्या काळात केलेला असतो त्याच्या नावावर श्रेय जमा होते. मग तो पायाळूचा पाय असो, महागडे इंजेक्शन असो किंवा मंतरलेला दोरा असो. पायाळूच्या पायाने निदान पैसे तरी जात नाहीत.

पहिले एक-दोन दिवस फार दुखत असेल तर आराम करावा, गरम पाण्याची पिशवी घ्यावी, कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे. त्यानंतर सोसवेल तसे हिंडूफिरू लागावे. वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी आणि आठवडेच्या आठवडे घेऊ नयेत. पोटाला व्रण होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात पट्टे बांधणे आणि वजन लावून कणा ताणणे हे उपाय नेहमीसाठी वापरू नयेत असे सांगितले आहे. आपल्या भागात मात्र वजन लावण्याच्या दहा-दहा बैठकांचे पैसे अजून घेतले जातात.

एमआरआयविषयी दोन शब्द. चित्रात 'गादी सरकली' असे आले की, घरात रडारड होते आणि दागिने गहाण पडतात. १९९४ साली अमेरिकेत पाठ कधीच दुखत नसलेल्या ९८ लोकांचा एमआरआय काढला, तर त्यातील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के, लोकांच्या एखाद्या तरी गादीला फुगवटा निघाला. दुखत काहीच नव्हते! वय वाढते तसे केस पिकतात, तशा गाद्याही बदलतात. चित्र आणि दुखणे एकमेकांशी जुळतात का हे डॉक्टरांनी रुग्णाला तपासून ठरवावयाचे असते. नुसत्या चित्रावरून शस्त्रक्रियेला कोणी घाई करीत असेल तर सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्यावे.

पुन्हा धरू नये म्हणून

एकदा कंबर धरली की, ती पुन्हा धरण्याचा संभव राहतो. यावर सर्वांत स्वस्त उपाय चालण्याचा आहे, आणि त्याला आता चांगला पुरावाही मिळाला आहे. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेल्या ७०१ लोकांवर झालेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना हळूहळू वाढवीत आठवड्यातून पाच दिवस, दररोज ३० मिनिटे चालण्यापर्यंत नेले, त्यांना पुन्हा त्रास होईपर्यंत मध्यमानाने २०८ दिवस गेले. ज्यांना काहीच सांगितले नव्हते त्यांना ११२ दिवस. 'दिवसभर कामावर उभाच असतो की' असे उत्तर येईल. उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे. दोन थांबे आधी बसमधून उतरून हात हलवीत, मोकळेपणाने चालणे वेगळे.

त्याच्या जोडीला तीन साधे व्यायाम. उताणे झोपून गुडघे वाकवावेत, नितंब उचलून पाच अंक मोजावेत आणि खाली यावे. असे दहा वेळा. मग रांगत्या मुलाप्रमाणे हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात व डावा पाय सरळ लांबवावा, नंतर उलट. शेवटी पालथे झोपून कोपरांवर छाती उचलून मिनिटभर राहावे. पायात उतरणारी कळ ज्या व्यायामाने वाढेल तो सोडून द्यावा.

झोपण्यासाठी फळी लागत नाही. २००३ साली स्पेनमध्ये ३१३ रुग्णांवर पाहिले तेव्हा फार कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी बरी ठरली. सतरंजीवर दोन गोधड्या टाकल्या की, ती झालीच. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत पाठदुखीचे प्रमाण जास्त आढळते, हेही सांगून ठेवतो. विडी सोडण्याची बाकीची कारणे आपल्याला ठाऊक आहेतच.

केव्हा थांबू नये

वर लिहिलेले सारे साध्या पाठदुखीविषयी आहे. काही लक्षणे मात्र अशी आहेत की, ती दिसताच घरगुती उपाय बंद करावेत. लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला व बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, पाऊल उचलेनासे होणे, ही कण्यातील नसांवर मोठा दाब आल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावे. सकाळची वाट पाहू नये. पडल्यामुळे किंवा अपघातानंतर पाठ दुखत असेल, तसेच साठीच्या वरच्या बाईला किरकोळ धक्क्यानंतर एकाएकी कळ आली असेल, तर मणका चेपला आहे का हे पाहण्यासाठी फोटो काढावा.

आणि एक आजार असा आहे की, तो दाटीच्या वस्त्यांत विशेष आढळतो: मणक्याचा क्षयरोग. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १७७९ साली त्याचे वर्णन केले. त्यात खोकला असेलच असे नाही. पाठीत एका जागी ठणका लागतो, तो रात्री आणि विश्रांतीतही जात नाही. संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन घटते, भूक मंदावते. हळूहळू पाठीला कुबड येऊ लागते. लोक याला वात समजून तेल चोळीत राहतात आणि पायांतील शक्ती गेल्यावर रुग्णालयात येतात. आमच्या परिचारिकाताईंनी अशी तरुण मुले पाहिली आहेत. वेळेवर कळले तर हा आजार गोळ्यांनी बरा होतो. गोळ्या वर्षभर किंवा त्याहून अधिकही घ्याव्या लागतात, आणि सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. दोन-तीन महिन्यांत बरे वाटले म्हणून त्या मध्येच सोडू नयेत.

दादांची ती मुलगी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. मागील महिन्यात तिची कंबर धरली तेव्हा ती आमच्याकडे आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो, "मला किती महिने पडून राहावे लागेल?" आम्ही तिला तपासले, पायांतील शक्ती पाहिली, ताप-वजनाची विचारपूस केली. काळजीचे काही नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमची विद्यार्थिनी तिला घेऊन मैदानावर गेली. पहिल्या दिवशी त्या दोघी दहा मिनिटे चालल्या.